वन्संना किल्ला दाखवला, त्याची गोष्ट

लिफ्ट! किल्ल्यात लिफ्ट पाहिजे होती हो त्यांना! आता मला सांगा, आमचा मात्सुएचा किल्ला चारशे वर्षांचा, सगळा लाकडी, अंगावर काळ्या फळ्या, आत भर दुपारी अंधार, जिने असे उभे की वरच्याची टाच खालच्याच्या नाकाला लागते... आणि ह्या बाई दारात उभ्या राहून, बूट काढता काढता, त्या तिकीटवाल्या मुलीला विचारतायत, "अगं, लिफ्ट कुठल्या बाजूला?" ती बिचारी कमरेत वाकून म्हणाली, "आजी, लिफ्ट नाही आपल्याकडे." तर ह्या माझ्याकडे वळल्या आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, "अगंबाई! आमच्या ओसाकाच्या किल्ल्यात आहे!" अहो, असेल! तुमचा किल्ला सिमेंटचा आहे! सिमेंटच्या किल्ल्यात लिफ्टच काय, उद्या सरकता जिनाही बसवाल!

पण मी काही बोलले नाही. नुसती हसले.

कारण तुम्हाला सांगते, लिफ्ट नाही म्हणूनच तर मी त्यांना तिथं नेलं होतं.

ह्या बाई म्हणजे आमच्या शिगेयो वन्सं. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, दोघंही भावंडं जन्मानं ओसाकाचीच. पंच्याहत्तरी उलटली, पण केसांना जांभळा रंग, अंगात पोलकं असं की छातीवर अख्ख्या वाघाचं तोंड, आणि पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्यांचा साठा. दिसेल त्याच्या हातात गोळी. रस्त्यात पोलिसाला देतील, बसवाल्याला देतील... श्राद्धाला आलेल्या भिक्षूंना दिली हो! मंत्र म्हणून घसा बसला असेल म्हणून! आणि भिक्षूंनी घेतली!

आता तुम्ही म्हणाल, सुमिएबाई, एवढ्याशा गोळ्यांवरून एवढा राग? गोळ्यांचं नाही हो. गोळ्यांचं काहीच नाही. राग आहे सारावरून.

दोन वर्षांपूर्वी आमचे हे गेले. यासुओ. छातीत कळ आली, आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. रक्तदाब आधीपासून होताच, डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं, आणि मी, तुम्हाला सांगते, मी त्या दिवसापासून तळ्यातल्या तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, जे सार रोज करायची, त्यातला मिसो, म्हणजे ते सोयाबीनचं खारट वाटण, निम्म्यावर आणला. निम्म्यावर! नुसतं गढूळ पाणी लागायचं ते. मीही तेच प्यायले, का, तर त्यांना एकट्याला वाईट वाटू नये. आणि अंत्यविधीच्या दिवशी सगळे जमलेले, आळीतली माणसं, ह्यांच्या कारखान्यातली माणसं, उदबत्तीचा धूर, कोणी हुं म्हणत नाही, आणि अशात वन्सं उठल्या, माझ्याकडे बोट केलं आणि टाहो फोडला... "हिच्या खारट सारानं नेला गं माझा भाऊ! मीठ घालून घालून मारला!"

सगळ्यांदेखत!

आणि माझ्याकडे उत्तर होतं हो. अगदी जिभेवर आलेलं. काय होतं माहितीय? आमचे हे चोर होते. सोया सॉसचे चोर! मी पुढ्यात अळणी वाढायची, हे "वा, वा" म्हणत जेवायचे, आणि मग "जरा गळ साफ करून येतो" म्हणून मागच्या पडवीत जायचे. मला वाटायचं, काय मेली मासेमारीची हौस! एकदा मी ती गळाची पेटी उघडली, तर वर आमिषं, मध्ये दोरा, आणि खाली सोया सॉसची बाटली! अर्धी संपलेली! भांडले, रडले, शपथ घ्यायला लावली. घेतली लगेच. आणि गेल्यावर आवराआवर केली, तर जिथं हात घालावा तिथं बाटली... छत्रीच्या स्टँडमध्ये, रेडिओमागे, हिवाळी बुटात! एका बुटात सोया सॉस हो!

पण तेव्हा कसं सांगणार? समोर हे निजलेले, पांढऱ्या कपड्यात, दोन्ही हात जोडलेले, जन्मात कधी दिसले नाहीत इतके साधे दिसत होते. आता त्या माणसाची चहाडी करायची? त्याच्याच अंत्यविधीत उभं राहून म्हणायचं की हा मनुष्य बुटात...?

मी काही बोलले नाही. त्या दिवशी हसणं तर शक्यच नव्हतं, पण लोक निघताना मान वाकवून जेवढं हसावं लागतं, तेवढं हसले.

आणि मग काय झालं? आळीत पसरलं! भाजीवाली मात्सुनो मला दुकानात शिरल्या शिरल्या सांगणार, "सुमिएबाई, कमी मिठाचा मिसो आलाय हं नवीन!" असं हळूच, जसं काही मला कसलं व्यसन आहे. आळीच्या उत्सवाला साराचं मोठं पातेलं वर्षानुवर्षं माझ्याकडे असायचं. त्या वर्षी आळीतल्या बायका मला म्हणाल्या, "तुम्ही दमला असाल, तुम्ही काकड्या चिरा." काकड्या! तेव्हा काकडी चिरता चिरता मी ठरवलं. ह्या बाईनं सगळ्यांदेखत म्हटलंय, आता सगळ्यांदेखत हिची फजिती झाली पाहिजे, आणि सगळ्यांदेखत तिनं म्हटलं पाहिजे, "चुकलं माझं."

तर यंदा मे महिन्यात श्राद्धाला आल्या, आणि विधी आटोपल्यावर स्वतःच म्हणाल्या, "सुमिए, इतकी वर्षं येते, पण तुमच्याकडचं काही पाहिलं नाही बाई. किल्ला दाखव, बाग दाखव, इझुमोचा देव दाखव." दाखवते की! सगळं दाखवते! मनात म्हटलं, पहिल्याच जिन्यावर बसकण मारतील, "नाही जमत गं सुमिए" म्हणून हात जोडतील, आणि मी वरच्या पायरीवरून खाली बघत म्हणेन, "असू द्या वन्सं, गावाकडच्या माणसांना सवय असते."

तर झालं काय? पहिला जिना. गुळगुळीत लाकूड, पायात नुसते मोजे. वन्संनी वर पाहिलं, पदर असता तर खोचला असता, पण पदर नाही म्हणून वाघच जरा खाली ओढला, आणि हाक मारली, "ए पोरांनो!" पुढं कुठल्याशा कॉलेजची होडी वल्हवणारी मुलं होती. हे एवढाले दंड! "आजीला वर घ्या रे!" झालं! दोघांनी पुढून हात धरले, एकानं मागून आधार दिला, आणि वन्सं पालखीत बसल्यासारख्या चालल्या वर. प्रत्येक मजल्यावर गोळ्या वाटतायत! आणि मी? मी आपली मानी बाई, कोणाचा हात धरणार नाही, मी गावची ना! दुसऱ्या मजल्यावर उजवा गुडघा बोलायला लागला. तिसऱ्यावर डाव्या पोटरीत गोळा आला. तो दुसरा गोळा हो, खायचा नाही! मी तिथं भिंतीला धरून उभी, बाजूला काचेच्या कपाटात एक जुनं चिलखत, आणि दोघांपैकी जास्त ताठ कोण दिसतंय, तर चिलखत. आणि वरून, अगदी शेवटच्या मजल्यावरून, आवाज... "सुमिएऽऽ! तळं दिसतंय गं! काय वारा आहे! अगं ये ना, गावाकडची ना तू?"

मी काही बोलले नाही. नुसती हसले. चिलखताकडे बघून.

बरं, मी हार मानते का? खाली उतरले, कशी ते विचारू नका, आणि थेट खंदकातल्या होडीत नेऊन बसवलं त्यांना. त्या होडीची गंमत अशी की वाटेतले पूल ठेंगणे. पूल आला की होडीवाला होडीचं छप्परच खाली घेतो आणि सगळ्यांनी पुढं वाकायचं, नाक गुडघ्याला. होडीवाला आधी सांगतो, पण वन्सं एकदा बोलायला लागल्या की त्यांना दुसऱ्याचं ऐकू येत नाही, हे मला चाळीस वर्षांच्या अनुभवानं माहीत! म्हणून मी मुद्दाम पूल जवळ येताना विचारलं, "वन्सं, तुमच्या लेकाचं घर केवढं मोठं आहे हो?" बस्स! सुटल्या! होडीवाला ओरडतोय, "वाका मंडळी, छप्पर येतंय!" मी वाकले, सगळी होडी वाकली, आणि वन्संचा तो जांभळा अंबाडा... फस्स! छपराखाली असा चेपला, जसा तव्यावर पापड! आहाहा! गुडघ्यात डोकं घालून हसले मी. हे हसू खरं होतं.

पूल गेला, छप्पर वर गेलं, सगळे सरळ झाले... मी झालेच नाही. पाठ धरली! तशीच, नाक गुडघ्याला! होडीवाला म्हणतो, "आजी, पूल गेला." मला दिसतोय ना रे बाबा, म्हणजे दिसत नाहीये, पण कळतंय! आणि वन्सं एका हातानं केस चाचपतायत, दुसऱ्या हातानं माझी पाठ रगडतायत आणि त्या होडीवाल्याला सांगतायत, "छान चपटे बसले हो केस! ओसाकात याला पार्लरमध्ये जावं लागतं. घ्या, गोळी घ्या."

दुसऱ्या दिवशी बाग. तळ्यापलीकडच्या बेटावर आहे ती, मेमध्ये तिथं मोठाल्या फुलांचा नुसता उत्सव असतो, पाण्यावर गुलाबी, तांबडी, पांढरी फुलं तरंगत सोडतात, पाणीच दिसत नाही. पण मला फुलांशी काय करायचंय? त्या बेटावर जिनसेंगच्या औषधी मुळ्या पिकतात, आणि त्यांचा चहा मिळतो. चहा म्हणायचा आपला, काढा आहे काढा! इतका कडू की गिळला तरी कानात कडू लागतं. मी मोठा पेला मागवला. "वन्सं, आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला देतात." त्यांनी घोट घेतला. वाघ जागच्या जागी थरथरला. मी वाट बघतेय, आता थुंकतील, आता लोक बघतील... तर घटाघटा पिऊन पेला आपटला! "कडू आहे म्हणजे गुण येणार! आणखी एक!" दुसराही प्यायल्या. आणि मग तुम्हाला सांगते, त्या बाईला अशी काही तरतरी चढली, की बाग एकदा पाहिली, दुसऱ्यांदा पाहिली, तिसऱ्यांदा कशाला तर म्हणे उलट्या बाजूनं कशी दिसते! मी आपली कमरेला पट्टा बांधून मागून लंगडतेय, आणि समोरून येणाऱ्या बायका आपसात म्हणतायत, "बघ, लेक किती थकली आणि आई किती टुणटुणीत!" लेक!! मी त्यांच्यापेक्षा फक्त सात वर्षांनी लहान आहे!

मी काही बोलले नाही. नुसती... हो, हसले. दात दुखले.

राहिला इझुमोचा देव. आणि इथं मात्र माझा हुकमाचा एक्का होता. साऱ्या देशात देवापुढं दोन टाळ्या वाजवतात. इझुमोत चार. दोनदा वाकायचं, चार टाळ्या, परत एकदा वाकायचं. आम्हाला हे पाळण्यापासून ठाऊक. बाहेरच्यांना कोणीतरी सांगावं लागतं. मी सांगितलं नाही! सकाळपासून सगळं सांगितलं, देवळावरचा दोरखंड बघा केवढा जाड, झाडं बघा किती जुनी, हात असे धुवा, पाणी असं घ्या... टाळ्यांचं तेवढं राहून गेलं बाई!

सुट्टीचे दिवस, ही गर्दी. हा देव गाठी बांधणारा, म्हणजे लग्नाच्या, मैत्रीच्या, सगळ्या, त्यामुळे लग्नाळू मुलामुलींच्या रांगा. आम्ही पुढं पोचलो. आजूबाजूची सगळी माणसं एकदमच वाकली, आणि टाळ्या सुरू. एक, दोन... आणि वन्संनी आपल्या दोन टाळ्या वाजवल्या, त्याही अशा की कबुतरं उडाली, आणि झपकन कमरेत वाकल्या! आणि बाकीचे? तीन! चार! एकट्या वन्सं खाली, सारी गर्दी उभी, सगळ्यांच्या नजरा त्या जांभळ्या डोक्यावर. एका बाईनं तर तोंडाला रुमाल लावला. अहो, मला काय वाटलं सांगू! दोन वर्षांच्या काकड्या वसूल झाल्या! मनात म्हटलं, देवा, आता मला दुसरं काही नको.

आणि टाळ्या संपल्या की तिथं एकदम शांतता होते. जो तो मान खाली घालून मनातल्या मनात मागत असतो. मनातल्या मनात! पण वन्संना मन आहे की नाही कोण जाणे, असलं तरी ते घशातच आहे. त्या शांततेत, सगळ्या गर्दीपुढं, त्या मोठ्यानं बोलायला लागल्या.

"देवा, मी ओसाकाची शिगेयो. माझं काही मागणं नाही, माझं बरं चाललंय. ही शेजारी उभी आहे ना, पट्टा बांधलेली, ही माझी भावजय सुमिए. हिचा नवरा गेला, मूलबाळ नाही, एकटी राहते. बाई चांगली आहे, पण मनात फार ठेवते. गुडघे गेलेत, पाठ धरते, हे आधीच सांगून ठेवते, मागाहून फसवलं म्हणू नकोस. हिला कोणीतरी बघ. म्हातारा चालेल. दात स्वतःचे नसले तरी चालतील. फक्त खारट खाणारा बघ बाबा, हिचा हात मिठावर सैल आहे."

आणि मागून, अगदी माझ्या मागून, एका टकलू आजोबांचा आवाज आला, "मला चालतं हो खारट!"

हसली! सगळी गर्दी हसली! ती रुमालवाली तर खालीच बसली. आजोबांच्या लेकीनं त्यांना बाहीला धरून ओढलं, "बाबा, काय हे!" आणि आजोबा जाता जाता मला वाकून नमस्कार करतायत, आणि वन्सं त्यांच्या हातात गोळी कोंबतायत!

मी काही बोलले नाही. आणि ह्या वेळी हसलेही नाही.

परतीची आमची ती दोन डब्यांची गाडी, तळ्याच्या काठाकाठानं जाणारी. ऊन कलतं झालेलं, पाणी चमकतंय, डब्यात शाळेतल्या मुली, एक टोपलीवाली, असे सगळे. वन्संनी शेजारी बसून विचारलं, "गोळी देऊ?" आणि माझं फुटलं! मी उभी राहिले. चालत्या गाडीत, कमरेला पट्टा बांधून उभी राहिले, आणि म्हटलं, "वन्सं! माझा हात सैल नाही! कधीच नव्हता! तुमचा भाऊ चोर होता! चोरून सोया सॉस प्यायचा! गळाच्या पेटीत बाटली, रेडिओमागे बाटली, बुटात बाटली! मी त्यांच्यासाठी अळणी पाणी पीत राहिले, आणि तुम्ही... तुम्ही साऱ्या गावासमोर मला खुनी ठरवलंत! उत्सवात सार काढून मला काकड्या चिरायला बसवलं लोकांनी! आणि मी गप्प बसले, का, तर तुमच्या भावाची लाज जाऊ नये म्हणून!"

शाळेतल्या मुलींचे फोन मांडीवर. मला वाटलं, आता वन्सं किंचाळतील. तर त्या हळूच, जन्मात पहिल्यांदा हळूच, म्हणाल्या, "बुटात? अजूनही?"

"अजूनही म्हणजे?"

"अगं, लहानपणापासून तो तसलाच. बाटली चाटायचा, आणि संपली की रिकामी माझ्या अंथरुणात लपवायचा. आई मला कोठीत कोंडायची. मी आत रडतेय, आणि हा दाराबाहेर बसून मला म्हणतोय, ताई, रडू नकोस हं, मी आहे ना."

"मग तुम्हाला ठाऊक होतं! मग माझ्यावर का ओरडलात?"

त्यांनी हातातल्या गोळीचा कागद सोडला, परत गुंडाळला. "कोणावर तरी ओरडायचं होतं गं. त्याच्यावर ओरडून उपयोग नव्हता, तो ऐकतच नव्हता. डॉक्टर लांब उभा होता. तू जवळ होतीस."

"मग माफी?"

"माफी कसली? देवापुढं नवरा मागितला की तुझ्यासाठी!"

आता ह्या बाईचं काय करायचं, तुम्हीच सांगा! मी बसले. टोपलीवालीनं न विचारता मला एक संत्रं दिलं. पुढचं स्टेशन गेलं, त्याच्या पुढचंही गेलं, आणि मग वन्सं म्हणाल्या, "म्हणजे लहानपणी मी कोठीत, म्हातारपणी तू काकड्या चिरतेस, आणि तो फोटोत बसून मजेत खातोय?"

खरंच की हो! कारण मी, मूर्ख बाई, दोन वर्षं रोज सकाळी घरातल्या देव्हाऱ्यात त्यांच्या फोटोपुढं टोफूची वाटी ठेवत होते, आणि त्यावर सोया सॉस ओतत होते. भरपूर! म्हटलं, आता काय रक्तदाब वाढणार आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी मिळून त्यांचं ताट केलं. उकडलेला पांढरा मुळा, वर काही नाही. टोफू, वर काही नाही. भाताची पेज, मिठाचा कण नाही. आणि वाटीभर कोमट पाणी. फोटोपुढं मांडलं, वन्संनी ती पितळी घंटी ठाणकन वाजवली आणि दरडावलं, "खा! गुपचूप खा! आणि ताटात टाकायचं नाही!" आणि मग त्यांच्या अगदी समोर पाट मांडून आम्ही दोघी बसलो. खारवलेला मासा भाजलेला, कातडी कुरकुरीत, मनुकांसारख्या सुरकुतलेल्या, मिठात मुरलेल्या आलुबुखाराच्या फोडी, आणि तिसऱ्यांचं सार, मिसो पूर्ण! पूर्ण घातला! अशा भुरके मारत प्यायलो की शेजारी ऐकू गेलं असेल. फोटोतलं तोंड मला तर आंबट झालेलं दिसलं. वन्संनाही दिसलं. "बघतोय बघ कसा!" असं म्हणून हसल्या, मी हसले, आणि मग कधी कोण जाणे, सार पिता पिता नाक पुसायची पाळी आली. दोघींची. वन्सं हुंदके देत म्हणाल्या, "खारट झालंय गं सार." मी म्हटलं, "तुमचंच पाणी पडतंय त्यात." तर म्हणे, "चांगलं लागतंय."

त्यानंतर वन्सं भाजीवाल्या मात्सुनोच्या दुकानात गेल्या आणि ओल्या कांद्याची जुडी हातात धरून सगळ्या गिऱ्हाइकांदेखत जाहीर केलं, "सुमिएचं काही चुकलं नाही. माझा भाऊच चोर होता!" झालं ना माझ्या मनासारखं? सगळ्यांदेखत? झालं. पण त्या भरात बाई इझुमोची हकिगतही सांगून आल्या! आता मात्सुनो कमी मिठाच्या मिसोचं नाव काढत नाही. मी दुकानात शिरले की हळूच विचारते, "सुमिएबाई, ते खारट खाणारे भेटले का परत?"

वन्सं ओसाकाला गेल्या. फलाटावर मी नीट वाकून निरोप दिला, पाठीनं परवानगी दिली तेवढं वाकून, आणि मनात म्हटलं, सुटले. तर गाडी हलता हलता खिडकीतून डोकं बाहेर, "सुमिएऽऽ! नोव्हेंबरात येते गं! चांगली राहायलाच येते!"

आता नोव्हेंबरात आमच्याकडे काय असतं, ठाऊक आहे? देशभरातले झाडून सगळे देव आपापली देवळं सोडून आमच्या इझुमोला जमतात, कोणाची गाठ कोणाशी बांधायची ते ठरवायला. आम्ही त्यांना समुद्रावरून मशाली लावून घेऊन येतो, त्यांची निगुतीनं बडदास्त ठेवतो. पण देवांचं एक आहे हो, ते आठवडाभर राहतात आणि शहाण्यासारखे आपापल्या गावी परत जातात.

वन्संनी परतीचं तिकीट काढलेलं नाही.